रेडिओतली बोडी

कुडव्यात राहून मी पोरांना भौतिकशास्त्र शिकवतो, पण माझा सगळ्यात कठीण विद्यार्थी कामठ्याला असतो. तो म्हणजे माझा बाप.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी दोन कामं काढून गावी गेलो. बाबांचा चार सेलचा रेडिओ घरच्या विजेवर चालवून द्यायचा होता. आणि शेतातली बोडी, म्हणजे आमचं छोटं तळं, बुजवायला त्यांचा होकार मिळवायचा होता. तिथे धानाची आणखी एक बांधी, म्हणजे खाचर, निघेल, हे मी वर्षभर घोकत होतो. होकार धरून चालून दुसऱ्या दिवशीचा जेसीबीही सांगून ठेवला होता.

ओसरीत पसारा मांडला. "हा ट्रान्सफॉर्मर दोनशे तीस व्होल्टचे सहा करतो. करंट मागेपुढे नाचत येतो, हे चार डायोड त्याला एकाच बाजूने सोडतात."

बाबा तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत ऐकत होते. रेडिओ लावला, तर गाण्याच्या मागे नुसती घूंऽऽ.

"मोहोळ बसलं का याच्यात?"

घाईत मी करंगळीच्या पेराएवढा कपॅसिटर लावला होता. हेच फळ्यावर रोज काढतो मी! लाज वाटली, म्हणून जास्तच मास्तरकी केली. "डायोडातून करंट थांबून थांबून येतो, नहराच्या पाण्याच्या पाळीसारखा. पुढची पाळी येईपर्यंत हा कपॅसिटर साठवलेलं सोडतो."

"म्हंजे बोडी."

"अगदी बोडी!" बापाला कपॅसिटर कळला, मला आभाळ ठेंगणं झालं.

"मंग तुही बोडी लहान झाली ना. पाळी येईपर्यंत पुरून नाही राहिली."

निदान बिनचूक होतं. पिशवीतला अंगठ्याएवढा कपॅसिटर काढून जोडला. घूं गेली आणि निवेदिका स्वच्छ बोलू लागली. बाबांनी थोडा वेळ ऐकलं, मग आवाज कमी केला.

"रेडिओले मोठी बोडी पायजे, अन् धानाची कायले बुजवून राहिला बे?"

शास्त्र माझंच होतं. वर्षभराचा हट्ट माझ्याच उदाहरणाने बुडवला, आणि खरं सांगतो, वाईट अजिबात वाटलं नाही. जेसीबीवाल्याला फोन लावला. "भैया, कल जेसीबी मत लाना."

"काऊन? येऊ दे त्याले," बाबा म्हणाले. "बोडी खोल करून घेऊ."