प्रेताच्या वाट्याचं वाक्य

एडी ग्रिमशॉ एकूण किती वेळा मेली, हे सॅलफर्डच्या त्या गल्लीत कुणालाच छातीठोकपणे सांगता आलं नसतं. कधी तिला जिन्यावरून ढकललं, कधी कोकोतून विष घातलं, कधी रेशमी मोज्यानं गळा आवळला. एकदा तर एका सरदाराच्या वाचनालयात ती दोन अंक पुस्तकांच्या कपाटात उभ्यानं मेलेली होती. तिसऱ्या अंकात कपाट उघडल्याबरोबर ती सरळ गालिच्यावर कोसळली, आणि पडताना नाक वाचवायला तिनं हातसुद्धा पुढे केला नाही. सोमवारी खाटकाकडे गेली की तो सुरा पुसत विचारायचा, "काय एडी, शनिवारी कशानं?"

"कात्रीनं."

"बरं झालं. विषात तोंड फार वाकडं करतेस तू."

या धंद्यात ती पडली तीही अशीच, पडल्यापडल्या. नदीपलीकडे मँचेस्टरच्या बाजूला टेलिव्हिजनचा स्टुडिओ होता आणि एडी तिथे फरशा पुसायला जायची. ते दिवस थेट प्रक्षेपणाचे होते. नट इकडे बोलला की तिकडे घराघरात ऐकू गेलं, चुकला तरी गेलं. एका रहस्यनाटकासाठी आणलेलं भाड्याचं प्रेत ऐन तालमीत शिंकायला लागलं आणि थांबेचना. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला, तेव्हा समोर एडी बादली घेऊन उभी होती.

"बाई, तुम्हाला निपचित पडता येईल का?"

"सकाळी पाचपासून उभी आहे, साहेब. पडायचंच ना फक्त?"

ती इतकी बेमालूम पडली की तिच्यावर ओणवा होऊन रडणारा नट मधेच थांबून तिची नाडी बघायला लागला. श्वास घेणारं प्रेत म्हणजे रहस्यनाटकाचा सत्यानाशच. एडीनं त्यावर आपली युक्ती शोधून काढली होती. कॅमेऱ्याची चाकं दुसरीकडे वळल्याचं कानावर आलं की ती श्वास घ्यायची, परत वळली की बंद. पुढे कुणालाही मारायचं झालं की दिग्दर्शक आधी एडीलाच बोलावायचे.

तिचा नवरा वॉल्टर आंधळा होता. युद्धात, ख्रिसमसच्या आठवड्यात गोदीवर बॉम्ब पडले, त्यात त्याचे डोळे गेले. तेव्हापासून तो आंधळ्यांच्या कारखान्यात ब्रश बांधायचा. बाकी गडी मजेत होता. शेजारच्या मिसेस क्लेगनं गल्लीतला पहिला टेलिव्हिजन घेतला होता. शनिवारी चहा झाला की तिच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीनं सगळे जमायचे, आणि वॉल्टरची खुर्ची शेगडीजवळ ठरलेली असायची. नुसत्या आवाजावरून खुनी ओळखण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रेमाच्या प्रवेशात तो नाक शिंकरायचा आणि सर्दीवर ढकलायचा. दिसतं ते त्याला मिसेस क्लेग सांगायची. "आली बरं का तुझी बायको, वॉल्टर. सोफ्यामागे पडलीय, पायच दिसतायत नुसते. अगंबाई, बूट माझे घातलेत की हिनं."

एका शनिवारी एडी घरी आली. कपाळावरचं खोटं रक्त अजून नीट निघालं नव्हतं. कोट काढता काढता तिनं विचारलं, "कसं झालं रे?"

"छान झालं म्हणे," वॉल्टर म्हणाला.

तो सहज बोलून गेला. पुढे त्याला काहीतरी सुचलं आणि तो हसला. "गंमत आहे बघ, एडी. सगळी गल्ली तुला बघते. माझ्या वाटणीला तेवढं काहीच येत नाही. मेलेलं माणूस काय ऐकवणार?"

एडीला ते लागलं, फार लागलं. रात्रभर तिनं मनाशी घोळवलं आणि सकाळी लापशी ढवळताना सांगून टाकलं, "मी टेलिव्हिजनवर बोलणार आहे. एक वाक्य का होईना. ते तू ऐकशील, तुझ्या कानांनी."

"कोण बोलू देणार तुला?"

"ते मी बघते."

स्टुडिओत नटांना हाकायचं काम डॉब्सन नावाच्या माणसाकडे होतं. एडीनं त्याला गाठलं. डॉब्सन मनानं वाईट नव्हता, पण नियमाला घट्ट.

"एडी, तू पडतेस तोवर ठीक आहे. तोंड उघडलंस की तू नटी झालीस, आणि नटीला युनियनचं कार्ड लागतं."

"मग काढून द्या कार्ड."

"ते बोलायचं काम केल्याशिवाय मिळत नाही."

"मग द्या बोलायचं काम."

"ते कार्डाशिवाय देता येत नाही."

एडीनं हातातली बादली खाली ठेवली. "हे ठरवलं तेव्हा सगळे शुद्धीवर होते का?"

दुसरी एखादी असती तर तिथेच नाद सोडून बादलीकडे वळली असती. एडीनं डॉब्सनची पाठ सोडली नाही. शेवटी त्यानं कंटाळून वाट सांगितली. गावोगावच्या छोट्या नाटक मंडळ्यांना वर्षाला दोन-चार नवी माणसं घ्यायची मुभा होती. तिथे एक हंगाम काढला की कार्ड मिळायचं. "पण ते काम विशीतल्या पोरी करतात," तो म्हणाला. एडी पन्नाशीला टेकलेली होती. पुढच्याच आठवड्यात ती बर्न्लीच्या गाडीत बसली.

बर्न्लीच्या मंडळीचं दर सोमवारी नवं नाटक. एडीनं पडदे शिवले, नटांच्या विजारींना इस्त्री केली, चहाच्या किटल्या वाहिल्या आणि त्याच दमात मोलकरीण होऊन ट्रे घेऊन रंगमंचावर गेली. "जेवण तयार आहे, बाईसाहेब." खोलीच्या भिंती ओल धरलेल्या, छातीत कफ, आणि घर फक्त रविवारी. वॉल्टरला मिसेस क्लेग जेवायला घालायची. "हिचं पुडिंग समोर आलं की डोळे गेल्याचं दुःख होत नाही मला," तो म्हणायचा. पण एडीला परत ये असं तो एकदाही म्हणाला नाही, आणि तिनंही परतायचा विषय काढला नाही.

मंडळीची मालकीण मिस फॅरंट ही म्हातारी भलतीच कडक होती. रंगमंचावर मोलकरणीनंसुद्धा लंडनच्या दिवाणखान्यातलंच बोललं पाहिजे, हा तिचा दंडक. त्या काळी सगळ्यांचाच तो होता म्हणा. खून असो की प्रेम, सगळं गोड, गुळगुळीत, नाकातल्या आवाजात. सॅलफर्डचा सूर कानावर पडला की म्हातारी काठी आपटायची. एडीनं दातांत पेन्सिल धरून रियाज केला. हंगाम संपला तेव्हा तिला तो आवाज चांगलाच वठला होता, आणि कार्डही हातात पडलं होतं.

आता डॉब्सनला पळवाट उरली नाही. एप्रिलमधल्या एका शनिवारच्या रहस्यनाटकात दिग्दर्शक मिस्टर लायलनं तिला घरमालकिणीचं काम दिलं. इन्स्पेक्टर दार ठोठावतो, घरमालकीण दार उघडते आणि सांगते, "ते पहाटेच निघून गेले, महाशय. कुठे गेले, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही." बस. झाली तिची भूमिका.

एडी घरी बटाटे सोलता सोलता वाक्य घोटत होती, मिस फॅरंटच्या गुळगुळीत आवाजात. मागच्या दारानं वॉल्टर आत आला, थबकला आणि डोक्यावरची टोपी काढून अदबीनं म्हणाला, "माफ करा हं. एडी, कोण आलंय गं?"

एडीचा हात थांबला. थट्टा करतोय असं तिला क्षणभर वाटलं. पण तो खरंच टोपी हातात धरून परक्या बाईच्या उत्तराची वाट बघत उभा होता.

"मीच आहे रे."

"तू?" वॉल्टर ओशाळून हसला. "चांगलं बोलतेस गं. अगदी बड्या घरच्या बाईसारखं. तू बोललीस की क्लेगबाई मला कोपरानं ढोसेलच म्हणा."

एडीनं सुरी खाली ठेवली. सगळा हिवाळा बर्न्लीत कुडकुडत काढला तो याच्या कानांसाठी, आणि त्या शनिवारी याला परत शेजारणीनंच सांगायचं?

नाटकाच्या तालमी चर्चच्या सभागृहात चालायच्या. जमिनीवर चिकटपट्ट्या लावून भिंती आणि दारं आखलेली असायची. एडी त्या पट्ट्यांवरूनच थेट चालत लायलसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, वाक्य मी माझ्या आवाजात म्हणू का?"

"ही घरमालकीण केन्झिंग्टनची आहे, एडी. लंडनमध्ये सॅलफर्डची बाई कुठून येईल?"

"रेल्वेनं," एडी म्हणाली.

नट हसले. लायल हसला नाही. "कार्ड मिळालं म्हणून डोक्यावर बसू नकोस. बसवलंय तसं म्हण. नाहीतर माझ्याकडे तुला मरायचं कामसुद्धा मिळणार नाही."

एडी गप्प राहिली. ती गप्प राहिली की तिचं काहीतरी पक्कं ठरलेलं असतं, हे वॉल्टरला ठाऊक होतं. लायलला असायचं कारण नव्हतं. शनिवारी एप्रनची गाठ मारताना तिच्या मनात किंतू नव्हता. मरणं बंद झालं तर पुन्हा फरशा आहेतच. वाक्य जाईल ते ग्रिमशॉच्या घरातल्या आवाजात.

नाटक सुरू झालं. एडी आपल्या दारामागे उभी राहिली. समोरून इन्स्पेक्टर झालेले मिस्टर हॅलम आले आणि त्यांनी दार ठोठावलं. एडीनं मूठ फिरवून ओढलं. दार हललं नाही.

दुपारीच कुणीतरी त्याला रंगाचा हात दिला होता आणि दिव्यांच्या धगीनं ते चौकटीला गच्च चिकटलं होतं. तिनं जोर लावला तशी आख्खी कापडी भिंत डुलायला लागली. आणखी एक हिसका, आणि सबंध देशाच्या डोळ्यांदेखत केन्झिंग्टन खाली आलं असतं. हॅलमनी पुन्हा ठोठावलं. फटीतून एडीला कॅमेऱ्यापलीकडचा डॉब्सन दिसत होता. तो हॅलमना हातानं खुणावत होता, सोडा, पुढे चला. हॅलम कसलेले नट. "घरात कुणी दिसत नाही," असं स्वतःशी म्हणत ते वळले.

म्हणजे वाक्य गेलं. ते पुन्हा येणार नव्हतं. थेट नाटकात गेलेलं काही परत येत नाही.

त्या दाराला टपालाची फट होती, आणि ती खोटी नव्हती. पहिल्या अंकात तिच्यातून धमकीचं पत्र आत पडलं होतं. एडी दुखऱ्या गुडघ्यांवर धप्पकन बसली, फटीची झडप बोटानं वर केली आणि कोळसेवाल्याला हाक मारावी तशी ओरडली, "दार चिकटलंय हो, उघडत नाही. आणि तुम्ही शोधताय तो गेला की. दूधवाला यायच्या आधीच गेला. आता बडवू नका, लोक झोपलेत."

हॅलम गर्रकन फिरले. एक क्षण त्यांनी त्या फटीकडे बघितलं, मग हॅट काढून फटीलाच वाकून म्हणाले, "आभारी आहे, बाई." आणि नाटक पुढे गेलं.

संपल्यावर लायल वरच्या खोलीतून लोखंडी जिना दणदणवत खाली आला. चेहरा पांढराफटक. "ना चेहरा दिसला, ना केन्झिंग्टन. सॅलफर्डचा मासळी बाजार ऐकवलास लोकांना." एडीनं ऐकून घेतलं, एप्रन घडी करून ठेवला आणि कोट चढवला. लायलनं पुढे आपला शब्द पाळला. त्याच्या नाटकात एडी पुन्हा कधी बोललीही नाही आणि मेलीही नाही.

बसमध्ये बसल्यावर मात्र तिचा धीर सुटायला लागला. माइक टांगलेला होता हॅलमच्या डोक्यावर. ती होती दाराआड, जमिनीलगत. तिकडे काय पोचलं असेल? की पुन्हा क्लेगबाईनंच सांगितलं असेल, ती फट दिसतेय ना वॉल्टर, तिच्यामागे आहे बघ एडी?

ती कोपऱ्यावर उतरली तेव्हा अजून संध्याकाळचा उजेड होता. गार वारा सुटला होता, आणि मिसेस क्लेगच्या घराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यात वॉल्टर उभा, कोट न घालता, एक हात दाराला लावून. मागे निम्मी गल्ली कुडकुडत होती. मिसेस क्लेग तरातरा पुढे आली.

"तोंड दिसलंच नाही गं तुझं, एडी. एवढा आटापिटा केलास आणि नुसती झडप हलली. आणि याचा प्रताप ऐक. तू ओरडलीस तसा हा ताडकन उठला, टेबलाला धडकला, माझा केक पाडला. म्हणे, एडी बाहेर अडकलीय, बहिऱ्यांनो, ऐकू येत नाही का? सरळ गेला, दार उघडलं आणि 'ये' म्हणाला. आम्ही परोपरीनं सांगितलं, बाबा रे, ती टेलिव्हिजनात आहे. तर हसला, आणि तरी दार लावू देईना. तेव्हापासून उभा आहे."

एडी जवळ गेली. पावलं ओळखून वॉल्टरनं तिच्या दिशेनं मान वळवली.

"कुणी सांगावं लागलं नाही मला," तो म्हणाला.

एडी रडली, भर गल्लीत, खाटकासमोर, डोळे न पुसता. मग वॉल्टरचा गारठलेला हात तिनं आपल्या हातात घेतला.

"लाव आता दार. वारा किती सुटलाय."

"आधी तू आत ये."