हिराच्या नावावर

हे मी कुणाला बोललेलो नाही. पोराला नाही, भावाला नाही. देवळात हात जोडले तेव्हाही नाही — तिथं भलतंच काहीतरी मागून यायचो. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. बघू. शाळा माझी चौथीपर्यंत, लिहिण्यात इकडचं तिकडं होणारच.

माझी बायको हिरा या उन्हाळ्यात गेली. दहाव्याला नदीवर पुढारी आले, माइक आला. जो उठला तो एकच बोलला — वहिनींनी गावाला पाणी दिलं. मला तो माइक ओढून नदीत फेकावासा वाटला. कुठल्या गावाला दिलं? कुणाच्या नळाला? पण चिडू कुणावर? मी त्यांना जे सांगत आलो, तेच ते बोलत होते.

आमचं गाव मुठेच्या खोऱ्यात. खाली गावठाण, वर डोंगराच्या कडेला कातकरवाडी. मधला उतार आमचा होता. भात कमी, नाचणी जास्त. तो मी पुण्याच्या लोकांना प्लॉट पाडून विकला. विकताना शब्द दिला, पाणी मी आणून देतो. कशाच्या जोरावर? तर त्या वर्षी सरपंचाची जागा बायकांसाठी निघाली होती आणि हिरा निवडून आली होती.

म्हणजे फळ्यावर नाव तिचं, खुर्चीत मी. लोक मलाच म्हणायचे, "सरपंच, चहा घ्या." ती शेजारी उभी असायची. हसायची. एकदा म्हणाली, "मला बी इचारा की कुणी, मी बिनसाखरेचा घेते." सगळे हसले. चहा काही कुणी तिला दिला नाही.

पण एक गोष्ट तिनं मला न विचारता केली. वाडीवर गेली. एकटी. ठकू म्हणून एक कातकरीण आहे, हिराच्याच वयाची. भातलावणीला आमच्यात यायची, जाताना हिराला खेकडे द्यायची, करवंदं द्यायची. तिच्या दारात बसून हिरानं सगळ्या बायकांना सांगितलं, पंचायतीची पाइपलाइन आधी तुमच्याकडं येणार. पुढल्या उन्हाळ्यात डोक्यावर हंडा नाही.

घरी येऊन मला सांगितलं तेव्हा तिचं तोंड असं उजळलेलं — जाऊ द्या.

मी काही बोललो नाही. का नाही बोललो? भांडलो असतो तर बरं झालं असतं. ती पण भांडली असती. आमची भांडणं व्हायची, आणि दहातली नऊ तीच जिंकायची. पण मी गप्प बसलो आणि पाइपलाइन प्लॉटकडं वळवायचं पंचांकडून ठरवून घेतलं. तिला पत्ता नाही.

मग ग्रामसभा आली. वाडीच्या बायका पहिल्यांदाच खाली उतरल्या होत्या. मागं, चपला काढल्या होत्या तिथं बसल्या. ठकू उठली. "बाय, आमच्या नळाचं काय झालं?"

हिरा उठायच्या आत मी उठलो.

आता लिहितो. मी म्हणालो, "सरपंचबाई सोता वर जाऊन बघून आल्यात. चढ लई हाय, पाणी चढणार न्हाई. वाडीची लाइन त्यांनीच रद्द केली."

कुणीतरी पुढून ओरडला, "आज नळ मागत्यात, उद्या गिझर मागतील!" सभा हसली. मीही हसलो — हे पण लिहूनच ठेवतो.

हिरानं माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं होतं तिनं. मग मिटलं. भर सभेत ती नवऱ्याला खोटं पाडणार नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बोललो. रागाच्या भरात गेलं असं नाही, घाबरलो असंही नाही. घरून ठरवून गेलो होतो.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "पाणी पळवलंत, ते तुमचं. माझं नाव कशाला घातलंत त्यात?"

त्यानंतर ठकू आमच्या दारावरून जायची, मान वळवायची नाही. पुढल्या लावणीला गावात वाडीचं एक माणूस आलं नाही. पौडच्या एसटी थांब्यावर हिरा आपणहून बोलायला गेली, तर ठकू थुंकली आणि उठून उन्हात जाऊन उभी राहिली. मी तिथंच होतो. एसटी का येत नाही ते बघत होतो.

आता त्या उतारावर बंगले आहेत, पोहायचे हौद आहेत, शनिवार-रविवार गाणी वाजतात. गावठाणात नळ दिवसाआड. वाडीवर हंडाच. आणि मला लोक अजून रामराम घालतात, "सरपंच" म्हणून!

आजारात हिरा एकदा म्हणाली, "वर जाऊन सांगा एकदा, मी न्हवते ते." मी म्हणालो, "बरी हो, मग दोघं जाऊ." ती बरी होणार नाही हे डॉक्टरनं मला सांगितलेलं होतं. त्यानंतरही ती बरेच दिवस होती. वाडी कुठं लांब आहे? सकाळी निघालो असतो तर न्याहारीला परत आलो असतो. तिनं पुन्हा विचारलं नाही. दारात माझी पावलं वाजली की बघायची तेवढी.

तेराव्यानंतर ठकू आली. अंगणात आली नाही, बाहेर उभी राहिली. डोक्यावर मोळी तशीच.

"दादा, बाय चांगली व्हती," ती म्हणाली. "शब्दाला मातर खोटी निघाली."

सभा नव्हती, पंच नव्हते, प्लॉटवाले नव्हते. ती आणि मी. ती माझ्याकडं बघत थांबली होती.

मी म्हणालो, "व्हय."

तिनं मोळी सावरली आणि चढाला लागली.