परकराची दुमड

कळंबात मी बायकापोरींचे कपडे शिवते. पोरीच्या परकराला खाली रुंद दुमड ठेवायची, पोर वाढली की उसवायची, ही आमच्याकडची रीत. नवरात्राच्या तोंडावर लेकीच्या परकराची दुमड उसवली, तिला घातला, तर डावीकडं जमिनीला लोळतोय! कापडाला शिव्या घातल्या, पुन्हा टीप मारली. तरी तेच. मग तिला पाटावर उभी केली आणि नीट बघितलं. कापड सरळ होतं, पोरच डावीकडं कलली होती.

रांगती असताना तिच्या रक्तात जंतू पसरले होते. अंगभर काळेनिळे डाग. सोलापूरच्या दवाखान्यात यमाच्या दारातून परत आणलेली. जगली, यातच सगळं आलं, असं आम्हाला वाटलं होतं. आता पुन्हा तिथंच नेली, तर डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "गुडघ्याजवळ हाड जिथनं वाढतं, तो भाग तेव्हाच खराब झालाय. डावा पाय मागं पडतोय. ऑपरेशन करून उजव्याची वाढ आत्ता थांबवली तर फरक वाढणार नाही, उंची मात्र थोडी कमी राहील. उशीर झाला तर हे जमायचं नाही."

घरी सांगितलं तर सासूबाई भडकल्या. "चांगल्या पायाला सुरी लावतीस? येडी का खुळी? परकर डावीकडनं जास्त दुमड, कुणाला दिसायचं न्हाय!"

नवरा चपलेचा अंगठा चाचपत बसला. एरवी आडतीत मालाच्या भावावरनं गाव डोक्यावर घेणारा माणूस, आणि इथं आईपुढं मांजर! मला असा संताप आला!

"आत्या," मी सासूबाईंना म्हणाले, "परकर झाकंल हो. चालणं कसं झाकायचं?"

बोलले खरी, पण मनात येत होतंच. चांगला पायही गेला तर?

लेक दारात उभी राहून ऐकत होती. "आजी, मला उंच न्हाय व्हायचं," ती म्हणाली. "मला पळायचंय."

नवऱ्यानं उठून एक्स-रे पिशवीत घातला. "सकाळची गाडी धरू," म्हणाला.

ऑपरेशन झालं. पुढच्या नवरात्रात पोरीला पुन्हा पाटावर उभी केली. सासूबाई देवापुढं बसलेल्या, पण ध्यान सगळं इकडं. मी दोन्हीकडं टेप लावला. पुन्हा लावला.

"वाढला का गं फरक?"

"न्हाय आत्या. होता तेवढाच हाय."

"आई अंबाबाई!" म्हणत त्या उठल्या आणि पोरीचा उजवा पाय पोटाशी धरून हमसून रडल्या.