घुबडामागचं सोनं

मे महिन्यात अकोल्यात कूलर बंद करून बसणारा माणूस एक तर पोहोचलेला योगी असतो, नाही तर माझा साडू. साडूंचा आणि योगाचा कधी संबंध आलेला नाही. ते बाळापूरला गुरांचे डॉक्टर होते, आणि निवृत्त झाल्यापासून पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पक्षी काढतात. पक्ष्यामागे झाड नाही, आभाळ नाही, नुसतं सोनं. खरा सोन्याचा वर्ख. तो इतका तलम की पंखा लावला तर उडून जेवणाऱ्याच्या वरणात जातो. म्हणून साडू कामाला बसले की पंखा, कूलर, खिडक्या सगळं बंद. एका उन्हाळ्यात मी अमरावतीहून त्यांच्याकडे गेलो, तर घरातली माणसं भट्टीतल्या विटांसारखी भिंतीला टेकून बसली होती. मी घाम पुसत एक सुस्कारा टाकला. साडूंनी मानसुद्धा वर केली नाही. म्हणाले, "भाऊ, श्वास सोडायचा अशीन तं ओसरीत जाऊन सोडा."

त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, हे सगळं ऐकत शेंगा सोलत होती. ती मला म्हणाली, "गाई-म्हशीयले सुया टोचत होते तवा बरं होतं. दिवसभर घरी तरी नव्हते."

बरं, पक्षी तरी देखणे निवडावेत. मोराचं नाव काढलं तर साडू तोंड वाकडं करतात. "त्याले कायले सोनं पाहिजे? तो सोताच चालतं सराफ्याचं दुकान हाये." त्यांचा सगळा जीव कावळे, टिटव्या, सातभाई असल्या भांडकुदळ मंडळींवर. एकदा मी विचारलं, कावळ्यामागे कशाला सोनं वाया घालवता? तर म्हणाले, "साऱ्यायचे पितर जेवू घालते तो. तुमी कोनाले जेवू घातलं?" मी विषय बदलला.

ही चित्रं ते विकत नाहीत. लग्नात आहेर म्हणून देतात, आणि तिथंच घात होतो. बायकोच्या भाचीच्या, म्हणजे मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी एक सुबक पुडी नवरदेवाच्या आईच्या हातात ठेवली. विहीणबाईंनी मांडवातच उघडली. आतून, सोन्यात बसून, एक घुबड त्यांच्याकडे पाहत होतं. त्या जेवायलाही उठल्या नाहीत. पाठवणी झाली, पुढे भाचीला माहेरी धाडायची वेळ आली, तरी तिला कोणी धाडेना. इकडे तिच्या आईचं रडणं थांबेना. शेवटी सगळ्यांनी साडूंना फर्मावलं, जा आणि ते घुबड परत आणा. बदली म्हणून साळुंक्यांची जोडी घेऊन ते निघाले. जामीन म्हणून मी सोबत.

विहीणबाईंनी पाणी दिलं, चहा दिला नाही. साडू शांतपणे म्हणाले, "विहीणबाई, घुबड म्हंजे लक्ष्मीचं वाहन. लक्ष्मी घरात चालते, अन् तिची गाडी दारात चालत नाही, हे कसं?" आतल्या खोलीत व्याही जोरात हसले. मग दाराआड उभी असलेली भाची हसली. विहीणबाईंनी ओठ घट्ट धरून पाहिले, पण ते सुटलेच. "असू द्या मंग," त्या म्हणाल्या, "पण देवघरात नाही ठेवनार." चहा आला. भाची आमच्याबरोबर माहेरी आली. साळुंक्या मात्र परत मिळाल्या नाहीत. त्या विहीणबाईंना आवडल्या होत्या.

या हिवाळ्यात अकोल्याला गेलो, तर साडूंचा हात कापायला लागला होता. चहाची बशी वाजते, आणि ते ऐकूच आलं नाही असं आम्ही सगळे दाखवतो. एक टिटवी काढून झाली होती, फक्त डोळा राहिला होता. साडू तो नेहमी शेवटी काढतात. त्यांनी कुंचला उचलला, टेकवायला गेले, मागे घेतला. पुन्हा तेच. जन्मभर त्या पक्ष्यांना शिव्या घातलेली त्यांची बायको स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसले, शेजारी बसली आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. कुंचल्याचं टोक स्थिर झालं. एक काळा ठिपका उमटला.

"झालं काय?" तिनं विचारलं.

"थांब," साडू म्हणाले. "अजून पाहून नाही राह्यली टिटवी."

तिनं मनगट सोडलं नाही.