हॉकीचं नाणं

वडील माढ्याकडच्या एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. निवृत्तीनंतर आम्ही सोलापुरात राहायला आलो आणि त्यांना खेळांवरच्या नाण्यांचा नाद लागला. ही नाणी बाजारात चालवायची नसतातच. जगभरच्या संग्राहकांसाठी पाडलेली, आरशासारखी चकचकीत, पारदर्शक डबीत बंद. वडिलांकडे चांदीचं एक होतं, हॉकीचं. ते देऊन परदेशातल्या एका वयस्कर संग्राहकाकडून धावपटूचं नाणं घ्यायचं ठरलं होतं. तरुणपणी वडील स्वतः धावायचे. त्या नाण्याचा फोटो ते मोबाइलवर रोज उघडून बघत. ईमेल मी लिहायचे, कारण घरात इंग्रजी माध्यमात शिकलेली मीच.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आईने मला पूजेची चांदी घासायला बसवलं. हॉकीचं नाणंही पूजेत ठेवायचं होतं. त्याच्या कडेला पिवळट छटा दिसली. नाण्याला हात लावू नये, असं सोबतच्या इंग्रजी कागदावर होतं. तो कागद वडिलांना मीच वाचून दाखवला होता. तरी मी डबी उघडली आणि निरंजनासारखं तेही दंतमंजनाने घासलं.

संध्याकाळी वडील म्हणाले, "आज लई उजळलंय की!"

मी निरंजन लावलं.

दिवाळीनंतर त्या गृहस्थांनी ताजा फोटो मागवला. मग विचारलं, बारीक ओरखडे दिसताहेत, नाणं घासलंय का? तसं असेल तर अदलाबदल नको.

वडील चिडले. "घासतंय कोण? त्या डबीला हितं कुणी हात लावत न्हाय. लिही, मास्तरचा शब्द हाय."

"फोटोतच तसं आलं असेल," मी म्हणाले.

"मग तेबी लिही. एवढं इंग्लिश शिकलीस की!"

मी लिहिलं. व्याकरणाची एकही चूक नव्हती.

त्या गृहस्थांनी विश्वास ठेवला. धावपटूचं नाणं आधी त्यांनीच पाठवलं. वडिलांनी ते शेजाऱ्यांना दाखवलं, पण कुणाच्या हातात दिलं नाही. मग आमचं पार्सल बांधलं. त्यावरचा पत्ता मी घातला.

महिन्याभराने ईमेल आला. नाणं मिळालं. तुमच्या वडिलांनी खोटं बोलायला नको होतं. यापुढे लिहू नका.

मी पहिलंच वाक्य वाचून दाखवलं.

"एवढंच?" वडील म्हणाले. "बोलका माणूस होता की."

"घाईत असतील," मी म्हणाले.