आपलं ठरलंय

"रविवारी आपलं ठरलंय ना? मग आता पुन्हा कशाला उकरून काढायचं?" सर म्हणाले. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना हलल्या.

मला रविवारचं काही माहीतच नव्हतं. शेजारी बसलेल्या निखिलनं खाली बघत सांगितलं, "सरांकडे सत्यनारायण होता." सगळी टीम गेली होती. मी सोडून.

कारण मला ठाऊक होतं. अमेरिकेत, नोव्हायच्या या ऑफिसात आल्या आल्या सरांनी खोदून खोदून विचारलं होतं. गाव कुठलं, गावात घर कुठल्या बाजूला. मी लपवलं नाही. त्यानंतर ते माझ्या टेबलावर कधी जेवायला बसले नाहीत. हळूहळू बाकीचेही उठले.

प्रश्न नव्या गाडीच्या मागच्या दाराचा होता. कडाक्याच्या थंडीत ते आतून उघडत नव्हतं. टेस्ट माझी. निखिलनंही दार ओढून पाहिलं होतं, नाही उघडलं. मागच्या सीटवर लहान मुलं बसतात. मी म्हणाले, "सर, हे पास करता येणार नाही."

सर हसले. "कोट्यातून आलेल्यांना कॉन्फिडन्स जरा कमीच असतो, यार."

सगळे हसले. निखिलसुद्धा. ते हसणं अजून माझ्या कानातून जात नाही.

माझा व्हिसा कंपनीच्या हातात. तरी उभी राहिले. "एकमत झालं असं लिहू नका. माझा नकार लिहा. नाव घालून."

संध्याकाळी पार्किंगमध्ये निखिल मागून आला. "बरोबर बोललीस गं. पण माझं ग्रीन कार्ड अडकलंय. समजून घे." मग दुसरा आला, तिसरी आली. एकेकटे सगळे माझ्या बाजूचे. एकत्र बसले की सरांचे. प्रत्येकाला वाटत होतं, शंका आपल्या एकट्यालाच आहे.

आणि मी? त्या रविवारी मलाही बोलावलं असतं, प्रसाद माझ्याही हातावर पडला असता, तर मीही मान हलवली असती का? हा प्रश्न मला झोपू देत नाही.

दार पास झालं. मला टीममधून काढलं. आता बर्फात उभ्या गाडीत मागे मूल दिसलं की माझे पाय थबकतात. दार उघडेपर्यंत मी तिथून हलत नाही.

कंपनीच्या सेफ्टी ऑफिसात मी लेखी तक्रार दिली. काल सरांचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "तक्रार मागे घे. घरी ये जेवायला. तू आपलीच आहेस."

मी म्हटलं, "नाही, सर. मी तुमच्यातली नाही. तक्रार राहील."

व्हिसा जाईल कदाचित. जाऊ दे.