तांदळात पुसलेलं नाव

मी चहा आणायला खाली गेलो होतो, तेवढ्यातच झालं सगळं. पालघरच्या दवाखान्यात माझी बायको अकरा दिवस होती. सकाळी मला म्हणाली, "तुमी तोंड सुकवून बसू नका, चा पिऊन या." मी माझा पिऊन तिच्यासाठी अर्धा कप घेऊन वर आलो. नर्स तिच्या गालावर थापट्या मारत होती. "सुमन आजी… ओ सुमन आजी… इकडं बघा." ही बघेना. डोळे अर्धे उघडे, पण हाकेला ओ नाही. मी कप हातात धरून दोन पावलांवर उभा होतो. माझ्या मनात आलं की हिला दुसऱ्या नावाने हाक मारावी, त्या नावाला बघेल कदाचित. पण खोलीत सहा खाटा, सहा खाटांची माणसं, आमचा मुलगा, सून… मला लाज वाटली. बाहत्तर वर्षांच्या माणसाला लाज वाटली. तोवर नर्सने हात काढून घेतला. तिला जाऊन दीड महिना झाला. डॉक्टर म्हणतात, हाक मारून काही झालं नसतं. ते मला कळतं. पण मी मारली नाही, हे खरं आहे.

ते दुसरं नाव म्हणजे इरीनी. हे माझ्या बायकोचं जन्माचं नाव. ती इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावची, मासेमाराच्या घरातली. तिचा बाप परदेशी मालबोटीवर खलाशी होता. मालक ग्रीसचा, आणि त्याने आपल्या मुलीचं नाव बोटीला दिलेलं. सासऱ्यांना वाचता येत नव्हतं, मराठीही नाही. पण गंज खरवडून बोटीवरचं ते नाव रंगवायचं काम त्यांच्याकडे होतं, त्यामुळे ती परकी अक्षरं त्यांच्या हातात बसली होती. मुलगी झाल्याची चिठ्ठी त्यांना बोटीवरच मिळाली. सुट्टीवर आले तेव्हा पोर आठ महिन्यांची, घरात तिला नुसती 'बाय' म्हणत. त्यांनी दारातल्या वाळूवर काठीने ती अक्षरं काढली आणि सांगितलं, हिचं नाव हे. गाव हसला. ते म्हणाले, "त्या बोटीने चार वरसं माजं पोट भरलं, वादळातनं परत आणलं. तिचं नाव नाय ठेवू तर कोणाचं ठेवू?"

आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईने नाव ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "पोरगी हाय का बोट हाय? माज्या घरात असलं नाव नको." आमच्याकडे तेव्हा लग्नात बायकोचं नाव बदलायची पद्धत होती. ताटात तांदूळ पसरतात आणि नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. मी तिसरी शिकलेला. पालघरजवळच्या माहीमला आमच्या घरात पाटावर ती माझ्याशेजारी बसली होती, डोकं खाली. आईने मागून सांगितलं, सुमन लिही. मी लिहिलं. बायका हसल्या, पेढे वाटले. त्याच तांदळाचा रात्री भात झाला. तिनेच शिजवला.

तिसऱ्या दिवशी विहिरीवर तिने मला विचारलं, "तुमाला माजं नाव आवडलं नाय का?"

मी म्हटलं, "आईला नाय आवडलं."

"मी तुमाला विचारलं."

मी घागर उचलून चालू लागलो. एवढंच. नंतर तिने हा विषय काढला नाही आणि मला वाटलं, विसरली असेल. माणूस सोयीचं तेच समजतो. मी तिला सुमन अशीही हाक मारली नाही कधी. अगं… ऐकलंस का… जेवायला वाढ. आमच्या वेळी नवरे असेच बोलायचे. पण आता हिशेब लागत नाही की मी या बाईला नक्की कोण म्हणून हाक मारत होतो.

मी पुढे तारापूरला एका कंपनीत बॉयलरवर लागलो, आम्ही बोईसरला खोली घेतली. ती दांडीहून सुकी मासळी आणून बाजारात विकायची. बाजारात ती सुमनबाय. आवाज असा की समोरच्या भाजीवाल्याची गिऱ्हाइकं हिच्याकडे वळायची. कुणी भाव पाडला की म्हणायची, "घरी जाऊन समुद्राला इचार, तो काय भावानं देतो ते." मुलगा झाला, त्याचं लग्न झालं, नात झाली… सगळीकडे सुमन. शाळेच्या फॉर्मवर, रेशनकार्डावर, बँकेत. फक्त तिचा भाऊ यायचा तेव्हा उंबऱ्याबाहेरून ओरडायचा, "इरे! हायस का?" आणि ही हातातलं टाकून धावायची. तिची चाल बदलायची हो. पन्नाशीची बाई पोरीसारखी धावायची. मी खाटेवरून बघायचो आणि मला थोडा रागच यायचा. का ते तेव्हा कळत नव्हतं. भाऊ गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर त्या नावाने तिला हाक मारणारं कुणी उरलं नाही. मी होतो, पण मी कुठे मारत होतो.

गेल्या दिवाळीत चकल्या तळताना ती एकदम म्हणाली, "अवो, एकदा मला नावानं हाक मारा ना. माज्या नावानं." मी म्हटलं, "म्हातारपणी काय हे थेर!" ती हसली. चकली उलटी केली. मला वाटलं, विषय संपला.

दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. मंडळी म्हणाली, भाग्याची बाई, काही इच्छा राहिली नाही बघा. सगळ्यांना बरं वाटलं. मला त्या कावळ्याचा राग आला. त्याला काय ठाऊक?

माझी नात तेजल कॉलेजात शिकते. त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला दाराशी बोलावून हळूच म्हटलं, "एक नाव बघ गं मोबाईलवर. तुझ्या आजीचं." पोरगी चमकली. तिला आजीचं हे नाव माहीतच नव्हतं. मग वाचायला लागली. म्हणाली, "आजोबा, हे ग्रीक आहे. अर्थ शांती."

मी म्हटलं, "शांती? ही? बाजारात हिच्या आवाजाने कुत्री पळायची."

दोघंही हसलो. दहा दिवसांत पहिल्यांदा. मग तिने सांगितलं की फार जुन्या काळी त्या लोकांची या नावाची देवी होती, शांतीची, तिच्या हातावर बाळ दाखवतात. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्याच नावाची संत झाली. समुद्रात पांढऱ्या घरांचं एक बेट आहे, लोक तिथे फोटो काढायला जातात, त्या बेटाचं नावही त्या संतिणीवरूनच पडलंय. एक राणीही होती, स्वतःच्या हुकमाने राज्य केलं तिने. "पण आजोबा, तिने पोटच्या मुलाचे डोळे काढवले." मी म्हटलं, "ते तुझ्या बापाला सांगू नको." इंग्रजीत म्हणे त्याचं आयरीन झालं. एकेकाळी खूप ठेवायचे, मग ते आजीबाईंचं नाव झालं, आता तिकडे फारसं ठेवत नाहीत. पण ग्रीसमध्ये अजून गल्लोगल्ली इरीनी आहेत, हाक मारली तर चार जणी वळून बघतील.

तिकडे गल्लोगल्ली. इथे दांडीपासून माहीमपर्यंत एकच होती, आणि तिलाही मी राहू दिलं नाही. ज्यांना ते नाव माहीत होतं ती सगळी गेली. बाप, भाऊ, माझी आई. मी गेलो की या पोरीशिवाय कुणाला ठाऊकही नसेल की अशी कुणी बाई होती.

मुलाने बाजारात फोटो मोठा करायला टाकला होता. मी त्याला न सांगता रिक्षा करून दुकानात गेलो. काउंटरवरचा माणूस उत्तरेकडचा. फोटो तयारच होता, खाली नाव टाकायचं बाकी. "चाचा, कैलासवासी सौभाग्यवती सुमन… लड़के ने लिखवाया है."

"वो काट दे. इरीनी लिख."

"इरीनी? क्रिश्चन थी क्या?"

"नाय. बायको थी माझी."

मी त्याला कागदावर काढून दिलं. मुलाने घरी फोटो बघितला आणि म्हणाला, "बाबा, हे काय? लोक विचारतील." मी म्हटलं, "विचारू दे. सांगायला मी आहे अजून."

पण कुणी विचारलंच नाही. उमरोळीचे व्याही आले, कंपनीतले जुने दोघे आले, शेजारी आले. फोटोला हात जोडले, चहा प्यायले, माझ्या तब्येतीची चौकशी केली, गेले. कुणाची नजर खालच्या ओळीवर थांबली नाही. मी प्रत्येक वेळी तयार होऊन बसायचो. मुलगा-सून कामावर गेले की मी आणि फोटोखालचं ते नाव, दोघंच.

मागच्या आठवड्यात काशीबाय आली. बाजारात तीस वर्षं हिच्या शेजारची जागा तिची. पायाला सूज आहे म्हणून आधी येता आलं नाही. फोटोपुढे उभी राहून पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "भावजी, खाली काय लिवलंय? मला वाचता नाय येत."

"इरीनी," मी म्हटलं.

"कोणाचं नाव?"

"हिचं. माहेरचं."

"तीस वरसं शेजारी बसलो आमी. कदी बोलली नाय."

"मीच बंद केलं होतं."

काशीबाय माझ्याकडे बघत राहिली. शिव्या घालेल असं वाटलं, घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ती काठी सावरत दाराकडे वळली. "मी सुमनबायच म्हणणार भावजी. माजी ती सुमनबाय." तिचं बरोबर आहे. ज्याची त्याची हाक असते.

ती गेल्यावर मी दार लावून घेतलं. भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो आणि म्हटलं, "इरीनी…" आवाज चांगला निघाला. पण पुढे काय बोलायचं ते सुचेना. बायकोला नावाने हाक मारल्यावर पुढे काय बोलतात, मला माहीत नाही.